जत्रेचे खाजे आणि घरची कढई

कार्तिकी पौर्णिमा उलटली, की गोमंतकात आणि दक्षिण कोकणात जत्रांचा हंगाम सुरू होतो. देवळाच्या प्राकारात पालखी निघते, रात्री दशावतारी नाटकाचा मृदंग घुमू लागतो, आणि प्राकाराबाहेर रस्त्याच्या दुतर्फा दुकानांची रांग लागते. त्या रांगेतील खेळण्यांची, बांगड्यांची, चादरींची दुकाने वर्षागणिक कमी-अधिक होतील. परंतु खाजेवाल्याचे दुकान चुकावयाचे नाही. गुळाच्या पाकाने मढलेल्या, आल्याच्या वासाने दरवळणाऱ्या त्या बोटाएवढ्या कांड्यांचा ढीग दिव्याच्या उजेडात पाहिला, की जत्रा भरली अशी मनाची खात्री पटते. मंगेशीच्या माघी जत्रेत तो दिसतो, फातर्प्याच्या शांतादुर्गेच्या जत्रेत दिसतो, म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत दिसतो, आणि मालवणजवळच्या आंगणेवाडीस भराडीदेवीच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीतही दिसतो. जत्रेहून परतणाऱ्याच्या हातात अंगारा आणि फुले नसली तर एखादे वेळी चालून जाईल. खाज्याची पुडी नसली, तर घरची लहान मुले आणि म्हातारी माणसे त्याला दारातच जाब विचारतील.

अलीकडे मात्र एक नवी चाल पडू पाहत आहे. गावापासून दूर, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेल्या कुटुंबांतून जत्रेच्या तिथीस घरीच खाजे करण्याचा प्रघात दिसू लागला आहे. त्यावर वडीलधाऱ्यांचा आक्षेप ठरलेला. ‘घरच्या कढईत केले ते खाजे कसले? ती पाकात घोळलेली जाड शेव!’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. खाजे म्हणजे केवळ पीठ, तेल आणि गूळ, की जत्रेहून घरी येणे हाच त्याचा प्राण, असा प्रश्न त्यात दडलेला आहे. या प्रश्नाचे उत्तर पाकशास्त्राच्या पुस्तकात मिळणार नाही. ते इतिहासात शोधावे लागेल.

प्रथम नावाचा विचार करू. संस्कृत ‘खाद्य’, त्यावरून प्राकृत ‘खज्ज’, आणि त्यावरून आपले ‘खाजे’, अशी ही सरळ व्युत्पत्ती आहे. म्हणजे मूळ अर्थ इतकाच, की खाण्याचा जिन्नस. याच कुळातील नावाचे पदार्थ हिंदुस्थानच्या पूर्व भागात प्रसिद्ध आहेत. बिहारात नालंदेजवळच्या सिलाव गावचा खाजा, पुरीच्या जगन्नाथाच्या प्रसादातील खाजा आणि आंध्रातील तापेश्वरमचा काजा ही त्यांची ठळक उदाहरणे. पण हे तिन्ही गव्हाच्या पिठाचे असून पापुद्र्यांवर पापुद्रे चढवून केलेले असतात. आपले खाजे हरभऱ्याच्या पिठाचे, पापुद्रे नसलेले, काडीसारखे. नाव एक, पदार्थ निराळे. तेव्हा नावावरून आपल्या खाज्याची वंशावळ लावावयास जाणे धोक्याचे आहे.

कृतीच्या मागाने गेल्यास मात्र थोडा प्रकाश पडतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचविला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात त्या काळच्या राजघराण्यातील खाद्यपदार्थांची वर्णने आहेत. त्यांत हरभऱ्याच्या पिठाच्या, तेलात तळलेल्या पूरिकांचाही उल्लेख येतो. ही कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठवाड्याच्या अगदी शिवेवरचे गाव. गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी याची राणी मैलालदेवी ही याच सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याची कन्या. अर्थात कल्याणीचा दरबार आणि गोव्याचा दरबार यांत सोयरिकीचे नाते होते. यावरून खाजे हे बाराव्या शतकातील आहे असे सिद्ध होत नाही. परंतु हरभऱ्याचे पीठ मळून तेलात तळण्याची विद्या त्या काळी दख्खनला अवगत होती, आणि दख्खन व गोवा यांतील वाटा वाहत्या होत्या, एवढे निश्चित म्हणता येते.

जत्रेतील मिठाई ही बहुधा अशीच वाटसरू असते. जिलबीचेच पाहा. ‘जलेबी’ हे नाव अरबी ‘झुलाबिया’ या शब्दापासून आले, आणि दहाव्या शतकातील बगदादच्या पाकग्रंथात या जातीच्या पदार्थाच्या कृती आढळतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी जिलबीच्या इतिहासाचा कसून मागोवा घेतला होता. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने रचलेल्या ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथात जिलबीची कृती आली असल्याचे त्यांनी दाखविले. परदेशाहून आलेली ही पाहुणी आज ग्वाल्हेरच्या मेळ्यापासून बेळगावच्या बाजारापर्यंत इतकी रुळली आहे, की तिला परकी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. जत्रेच्या रस्त्यावर जे येते ते कोणत्या घरचे, असे कोणी विचारीत नाही; गोड आहे ना, ताजे आहे ना, एवढेच पाहतात.

खाजेही असेच रस्त्यावरचे आहे, हे त्याच्या जिन्नसांवरून ध्यानात येते. गोवा हा भाताचा आणि नारळाचा मुलूख. हरभरा हे घाटमाथ्यावरच्या काळ्या जमिनीतील रब्बीचे पीक. उसाचा गूळ हाही मुख्यत्वे घाटावरचा माल. रामघाट, चोर्लेघाट, तिनईघाट या वाटांनी बैलांच्या पाठीवर लादून हा माल खाली उतरे, आणि मीठ, खोबरे, सुकी मासळी वर चढे. १८८८ मध्ये मुरगावापर्यंतचा लोहमार्ग पुरा होईतो तांड्यांचीच ही वाहतूक होती. तेव्हा कोकणच्या घरातील रोजच्या कोठीत नसलेले दोन जिन्नस एकत्र येऊन जो पदार्थ बनतो, तो बाजाराच्या दिवशी, म्हणजेच जत्रेच्या दिवशी, मिळावा हे स्वाभाविकच आहे.

याउलट आपल्या घरची पक्वान्ने पाहा. पातोळ्या, मणगणे, उकडीचे मोदक, तांदळाची खीर. तांदूळ, ओले खोबरे आणि नारळाचा रस यांवाचून यांतील एकही होत नाही; आणि ओले खोबरे आले म्हणजे सकाळचा पदार्थ रात्रीपर्यंत टिकला तरी पुष्कळ. ही पक्वान्ने देवाच्या नैवेद्याची, सोवळ्यातली, त्याच घरात त्याच दिवशी संपावयाची. खाज्यात ओलाव्याचा अंश नाही. पीठ तळून कोरडे झालेले, वरचा गूळ आटून घट्ट झालेला. हवाबंद डब्यात ते आठवडेच्या आठवडे राहते. घरचे पक्वान्न देवापुढे ठेवण्यासाठी जन्मले. खाजे प्रवासासाठी जन्मले. नैवेद्याच्या ताटात खाज्याला सहसा स्थान नसते. परंतु देवाचे दर्शन घेऊन जो परगावी जाणार, त्याच्या वळकटीत मात्र त्याचे स्थान ठरलेले असते.

येथे गोमंतकाच्या इतिहासातील एका दुःखद पर्वाचे स्मरण करणे प्राप्त आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील तिसवाडी, साष्टी आणि बारदेश येथील देवळांवर संकट आले. १५६० मध्ये कुशस्थळीचा मंगेश झुआरी नदी ओलांडून अंत्रूज महालात प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. देव गेले त्या वाटेने भक्तही गेले. काही अंत्रुजात थांबले, काही कारवार, मंगळूर, कोचीनपर्यंत पोहोचले, काही घाट चढून बेळगावकडे, तर काही सावंतवाडीकडे गेले. पुढे मराठ्यांच्या दौलतीबरोबर त्यांचे वंशज उत्तरेतही गेले. महादजी शिंद्यांचे विख्यात सेनानी जिवबादादा बक्षी हे मूळचे गोव्यातील केरीचे. अशा विखुरलेल्या कुळांना एकत्र आणणारा वर्षातील एकच दिवस असे, तो म्हणजे कुलदेवतेच्या जत्रेचा. त्या दिवशी लांबलांबचे कुळावी येत, ओटी भरत, कौल घेत, आणि परत फिरत. येऊ न शकलेल्या म्हाताऱ्या आईसाठी, बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी देवीच्या गावचे काय न्यावे? पक्वान्न वाटेत नासणार. फुले सुकणार. खाजे मात्र जसेच्या तसे पोहोचणार. आमच्या मते, खाज्याच्या पुडीला प्रसादाची योग्यता आली ती या मार्गाने. शास्त्राने ती दिली नाही, अंतराने दिली.

या कथेचा दुसरा भाग नदीच्या अलीकडच्या तीरावरचा आहे. जे मागे राहिले आणि ज्यांनी नवा धर्म पत्करला, त्यांच्यावरही नियमांचा पहारा होताच. १७३६ मध्ये गोव्याच्या धर्मसमीक्षण संस्थेने, म्हणजे इन्क्विझिशनने, एक विस्तृत जाहीरनामा काढून नवख्रिस्ती घरांतून हिंदू चालीरीती उपटून काढण्याचा यत्न केला. अंगणातील तुळस, धोतर नेसणे, इतकेच काय, मिठावाचून भात शिजविणे हेसुद्धा त्या मनाईत होते. स्वयंपाकघरातील मडक्यापर्यंत सत्तेचा हात पोहोचला होता. त्याच सुमारास, १७३८ मध्ये, नदीपलीकडे सोंदेकरांच्या मुलखात शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने कवळ्याच्या शांतादुर्गेचे देऊळ पुरे होत होते. तो अंत्रूज महाल १७६३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला तेव्हा काळ पालटला होता; तेथील देवळे उभी राहिली. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले.

आता आजचे चित्र पाहा. देवळाच्या जत्रेत जे खाजे विकले जाते, तेच खाजे चर्चच्या फेस्तातही विकले जाते. जुन्या गोव्यात डिसेंबरात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला आणि म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला तेच ढीग, तोच आल्याचा वास. लोककथेत ही मिलाग्रीस सायबीण शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानली जाते; सात बहिणींची ती कथा गोव्यात घरोघरी ठाऊक आहे. लईराईच्या वैशाखातील जत्रेत होमकुंडातून जाणारे धोंड आणि मिलाग्रीसला मेणबत्ती लावणारे ख्रिस्ती भाविक घरी जाताना एकाच जातीची पुडी नेतात, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. नेवऱ्यांचेही तसेच. चवथीला हिंदू घरात होणारी नेवरी नाताळात ख्रिस्ती घराच्या ताटातही असते. वस्त्र बदलविता आले, नाव बदलविता आले, प्रार्थनेची भाषा बदलविता आली. जिभेची आठवण बदलली नाही. त्यातही खाज्याचा बचाव अधिक सोपा झाला असावा, असे आम्हांस वाटते; कारण ते कोणत्याही विधीचे अंग नव्हते. ज्याला देवघरात जागा नाही, त्याला देवघरातून हुसकावून तरी कोण लावणार?

एवढे पाहिल्यावर मूळ प्रश्नाकडे वळू. प्रवासासाठी, वाटण्यासाठी जन्मलेला हा पदार्थ घरच्या कढईत करावा काय?

आपल्याकडे घरात कढई चढविणे ही नुसती स्वयंपाकाची क्रिया नव्हे. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला असेल, त्या घरी सणाला तळण काढीत नाहीत. नेवऱ्या, करंज्या, चकल्या त्या घरी होत नाहीत. नातलग आणि शेजारी आपापल्या घरचे तळण डब्यात भरून त्या घरी पोचवितात. म्हणजे तळण हे आनंदाचे चिन्ह, आणि ज्या घराचा आनंद हरपला त्याला इतरांनी तो आणून द्यावयाचा, असा या चालीचा आशय. जत्रेला जाऊ न शकलेल्या माणसासाठी खाजे आणणे आणि दुखवट्याच्या घरी करंज्या पोचविणे या दोन्ही रीती एकाच मनाच्या आहेत. तेव्हा घरी केलेले खाजे हे खाजे की नव्हे, याचा निर्णय कढई कोणाची यावरून करू नये. ते शेवटी कोणाच्या हाती पडते यावरून करावा.

ज्यांना ते करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी कृती सांगतो. पाव किलो हरभऱ्याच्या डाळीचे बारीक पीठ चाळून घ्यावे. त्यात चिमूटभर हळद, बेताचे मीठ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालून पीठ हाताने चोळावे. मग लागेल तसे थोडे थोडे पाणी घालून घट्ट मळावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. पीठ सैल झाले तर कांड्या तेल पितात, हे ध्यानात ठेवावे. मग पोळपाटावर हाताने वळून करंगळीएवढ्या जाडीच्या आणि बोटाएवढ्या लांबीच्या कांड्या कराव्यात. सोऱ्याला मोठ्या भोकाची चकती असेल तर तीही चालेल. तेल मध्यम तापवून, विस्तव मंद ठेवून, थोड्या थोड्या कांड्या तळाव्यात. तेल फार तापले असेल, तर कांडी वरून लाल होते आणि आत कच्चे पीठ राहते. जत्रेच्या खाज्याचा खुसखुशीतपणा हा सर्वस्वी धीराने तळण्याचा गुण आहे. मोडून पाहावी, आतपर्यंत कोरडी आणि ठिसूळ झाली म्हणजे काढावी, आणि पूर्ण निवू द्यावी.

पाकासाठी पाव किलोला थोडा कमी असा चांगला पिवळा गूळ चिरून, तो भिजेल इतकेच पाणी घालून विस्तवावर ठेवावा. विरघळल्यावर गाळून घ्यावा, म्हणजे कचरा निघतो. मग त्यात किसलेल्या आल्याचा रस दोन चमचे घालून पाक आटवावा. थेंब गार पाण्यात टाकला असता त्याची घट्ट गोळी वळू लागली, की कढई खाली उतरवावी, मूठभर भाजलेले तीळ घालावेत आणि लागलीच कांड्या त्यात सोडाव्यात. यापुढचे काम खरे कौशल्याचे. उलथन्याने खालून वर असे सारखे ढवळीत राहावे, थांबू नये. प्रथम कांड्या ओल्या, चकचकीत आणि एकमेकींना चिकटणाऱ्या दिसतात. दोन-चार मिनिटांत पाकाचा रंग फिकट होऊ लागतो, त्यावर पांढुरकी झाक येते, आणि बघता बघता प्रत्येक कांडी सुटी होऊन तिच्यावर गुळाचा खरखरीत थर बसतो. याचे कारण असे, की दाट पाक निवत असताना ढवळला म्हणजे त्यातील साखरेचे सूक्ष्म कण एकदम जमू लागतात. न ढवळता निवू दिला, तर तो काचेसारखा किंवा चिकट राहतो. आल्याचे प्रमाण आवडीप्रमाणे वाढवावे, पण ते गाळू नये. त्याचा तिखटपणा गुळाचा गोडवा तोलून धरतो.

ही कृती एकदा करून पाहणाऱ्यास आणखी एक गोष्ट उमगेल. पाव किलो पिठाच्या पाकाला ढवळतानाच आपला दंड भरून येतो. खाजेवाला अशा कित्येक पट मालाचा पाक विस्तवाच्या धगीत एका दमात ढवळतो, आणि जत्रेमागून जत्रा, गावामागून गाव हिंडतो. २०२१ मध्ये गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले. परंतु मानांकनाच्या कागदाने दंड भरून येणे कमी होत नाही. जत्रेला जाणाऱ्याने खाजेवाल्याकडूनच खाजे घ्यावे, त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. घरची कढई ही त्याच्या दुकानाची सवत होता कामा नये. ज्याला जत्रेला जाता येत नाही, त्याच्यासाठीच ती आहे.

आणि म्हणूनच दूरच्या गावी घरी खाजे करणाऱ्या गृहिणीला आमचे एवढेच सांगणे आहे. जत्रेच्या तिथीला खाजे अवश्य करावे. मुलांना कांड्या वळावयास बसवावे, आणि वळता वळता त्यांना सांगावे की आपली देवी अमुक गावची, ती नदी ओलांडून आली, आपले पूर्वज तिच्या मागोमाग निघाले, आणि वर्षातून एकदा तिच्या अंगणात भेटत राहिले. मग केलेले सारे खाजे घरातच संपवू नये. पाच-सात पुड्या बांधाव्यात. एक शेजारच्या दारी, एक गावातल्याच एखाद्या एकाकी म्हाताऱ्या नातलगाकडे, एक ज्या घरी यंदा तळण नाही त्या घरी. ज्याच्या हाती ती पुडी पडेल, त्याने ती उघडून ‘जत्रा झाली वाटते?’ असे विचारले, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाचे उत्तर मिळाले असे समजावे.